ओढून आणलेले सूर

९ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व कुशल' असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता मुद्द्याचं बोलते.

फोन करणार होते. पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, आणि फोन ठेवला की मला आठवतं काय बोलायचं राहिलं ते. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. लहानपणी तुझं भोकाड गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं म्हणून बाबांनी तुला भोंगा म्हणायला सुरुवात केली, ती काही उगीच नाही.

काल वकीलीणबाई शिकायला आल्या होत्या. माझ्या सगळ्यांत थोर विद्यार्थिनी. कोर्टातून येतात तशाच काळ्या कोटात, गुडघ्यांत चेलो धरून बसतात आणि चुकलं की माझ्याशीच वाद घालतात. त्यांनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही तर प्रसिद्ध झालात." पाहते तर नोव्हेंबरात तू इथे येऊन माझे जे सूर टिपून नेलेस, त्यांचं तयार वाद्य करून तू बाजारात आणलं आहेस. वर माझा फोटो, खाली माझं नाव. जगात कुणीही कीबोर्डाची पट्टी दाबावी आणि बाबांच्या चेलोवरचा माझा सूर निघावा.

वकीलीणबाईंनी एका बोटानं खालच्या पट्ट्या दाबल्या. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. खर्जाची तार अगदी तशीच, लाकडातली घुरघुरसुद्धा तशीच. म्हटलं, पोरानं काम केलं. मग त्या वर सरकल्या.

वर काय ठेवलं आहेस रे? शेळी आहे ती. तोंडात पाला धरून ओरडणारी शेळी. चेलोचं व्हायोलिन झालं आहे, आणि तेही पोराटोरांच्या हातातलं.

मला यातलं काही कळत नाही असं म्हणू नकोस. तूच माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावलं होतंस. प्रत्येक सूर वेगळा टिपायचा. एखादा राहिलाच तर शेजारचा सूर घेऊन एक पायरी वर सरकवायचा, फार तर दोन. त्याहून जास्त ओढला की सगळंच बिघडतं, कारण सुराबरोबर, तारेवर बोट डोलवून त्याला दिलेला हेलकावाही भराभर व्हायला लागतो आणि वाद्याची पेटी आक्रसल्यासारखी वाटते. "थोरल्याचा सदरा धाकट्याला बाही दुमडून चालतो ताई, बाबांचा कोट चालत नाही," हे वाक्य तुझं आहे, माझं नव्हे. मग माझ्या मधल्या सुरांना तू बाबांचा कोट का चढवलास?

त्याखाली लोकांनी मतं लिहिली आहेत. एकानं लिहिलंय, "खालचे सूर अप्रतिम. वर मात्र बाईंचा हात थरथरतो, वय झालं असावं." वकीलीणबाईंनी पटकन लॅपटॉप मिटला. म्हणजे त्यांनी ते आधीच वाचलं होतं.

डाव्या हाताच्या ऑपरेशनचं तुला माहीत आहे. मधल्या दोन बोटांचे सांधे हाडांचे डॉक्टर कायमचे जुळवून टाकणार. दुखणं थांबेल, पण बोटं वाकायची नाहीत. त्यानंतर मी चेलो वाजवणार नाही, भोंग्या. तुझ्या त्या यंत्रात जे राहील तेवढीच मी राहीन. म्हणून सांगते, ये आणि वरचे सूर पुन्हा घेऊन जा. तोवर माझं नाव त्यावरून काढ.

ताई

—

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं की आत चाबूक आहे.

अगं, त्या मतं लिहिणाऱ्यांना काय उद्योग असतो? दिवसभर दुसऱ्याच्या सुरांना नाकं मुरडायची. तू कशाला मनावर घेतेस? या वाद्याचं फार कौतुक झालंय. परवाच एका नाटकवाल्यानं तुझे खालचे सूर आख्ख्या दुसऱ्या अंकाला वापरले. थिएटरात बाया रडत होत्या म्हणे.

वरच्या सुरांचं म्हणशील तर खरं तेच सांगतो. नोव्हेंबरात टिपायच्या तिसऱ्या दिवशी आपल्याला उशीर झाला, तू दमली होतीस, मला गाडी गाठायची होती. थोडे राहिले. राहिलेले मधल्या सुरांवरून ओढून घेतले. ओढायला नको होते, मान्य. पण वर कुणी फारसं जात नाही गं. लोक चेलो घेतात तो खर्जासाठी.

इकडे कामाचा डोंगर आहे. एका मालिकेचं संगीत उद्यापर्यंत, असं गेले तीन आठवडे चाललंय. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे दिवस कधी उजाडतो ते मला चहावाला सांगतो. उन्हाळा संपला की बघू. ऑपरेशन कधी आहे? हाताला ऊब देतेस ना? आणि नाव कशाला काढायचं? तुझं नाव आहे म्हणूनच तर लोक ऐकतात.

रागावू नकोस.

तुझा भोंगा

—

३ मार्च

भोंग्या,

माझी बोटं गेली आहेत, डोकं नाही.

तिसऱ्या दिवशी आपण काहीही अर्धवट टाकलं नव्हतं. तू दाराकडे पाठ करून बसला होतास, कानाला हेडफोन, मांडीवर तुझं ते डबडं. मी एक सूर वाजवायचे, तो पार विझेपर्यंत दोघांनी श्वास रोखायचा, मग तू अंगठा वर केलास की बोलायचं. असं करत मी अगदी टोकापर्यंत गेले, जिथे बोट तारांवर फिरणाऱ्या गजाला जवळजवळ लागतं. शेवटचा सूर झाल्यावर मी चेलो भिंतीला टेकवला आणि आपण चहा प्यायलो. तू दोन कप प्यायलास. तुझी गाडी त्यानंतर चांगली दीड तासानं होती.

तेव्हा सरळ सांग की हरवलेस. नाहीतर सांग की कंटाळलास. एकेक सूर साफ करायचा, कापायचा, जागेवर बसवायचा, हे किचकट काम आहे हे मला दिसतं. अर्धं केलंस आणि उरलेलं ओढून ताणून उरकलंस. शाळेतला गृहपाठही तू असाच करायचास, पहिलं पान मोत्यासारखं आणि पुढे कोंबडीचे पाय.

का दुसरंच काही आहे? बाबांनी मला शिकवलं आणि तुला शिकवलं नाही, त्याचा राग इतक्या वर्षांनी माझ्या सुरांवर काढलास का? विचारू नये, पण विचारते. मधले सूर घेऊन असे ताणायचे की ऐकणाऱ्यानं म्हणावं, हिचा हात थरथरतो. याहून चांगला सूड मला तरी सुचला नसता.

ऑपरेशनला अजून अवकाश आहे, असं डॉक्टर म्हणतात. तू त्याची काळजी करू नकोस. यायचं तर सुरांसाठी ये, हाताची चौकशी करायला येऊ नकोस.

ताई

—

१५ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग एका मालिकेतल्या लग्नाला सनई बसवायची होती, ती बसवली. मग पुन्हा वाचलं.

सूड म्हणतेस? ऐकायचंच आहे ना तुला, तर ऐक.

तिसऱ्या दिवशी तू वरचे सगळे सूर वाजवलेस. मी सगळे घेतले. हरवले नाहीत, मला कंटाळाही आला नाही. तुझा हात थरथरत होता, ताई. दुसऱ्या तारेवरून वर सरकलीस तिथपासून. बोट तारेवर बसायचं आणि स्थिर राहायचंच नाही. तो हेलकावा नव्हता, हेलकावा कसा असतो ते मला कळतं. मला हे खोलीत बसल्या बसल्याच कळलं. घरी आल्यावर ऐकलं तर आणखी वाईट होतं, कारण माइक कुणाची भीड ठेवत नाही.

मग मी काय करायला हवं होतं? ते तसेच घालायचे आणि खाली तुझं नाव लिहायचं? मी ते बाजूला ठेवले आणि तुझे मधले निरोगी सूर वर ओढले. मला माहीत होतं की ते शेळीसारखे लागणार. मला वाटलं, लोक यंत्राला नावं ठेवतील, मला ठेवतील. भोंग्यानं काम बिघडवलं म्हणतील, म्हणू देत. त्यांनी तरीही तुझ्याच हाताला नाव ठेवलं, हे माझं नशीब.

आणि बाबांचं काढलंस म्हणून सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी माझी बोटं हातात घेऊन दाबून पाहिली आणि तुझ्यासमोर म्हणाले, "याचा हात नाही." तीन शब्द. पुढे कधी चेलोला हात लावला नाही, त्याच्या जवळून गेलो तरी हात खिशात घालायचो. तेच वाक्य मी तुला म्हणणार नव्हतो. एवढंच होतं. याला तुझ्या भाषेत सूड म्हणत असतील तर म्हण.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात ते सगळे सूर आहेत, जसे घेतले तसे. ऐकू नकोस असं तुला सांगण्यात अर्थ नाही. नाचता येईना म्हणून किती दिवस माझं अंगण वाकडं म्हणणार आहेस?

भोंगा

—

२९ मार्च

भोंग्या,

शेवटची ओळ लिहून तू पाकीट चिकटवलंस, पत्ता लिहिलास, पेटीत टाकलंस, आणि वाटेत कुठेही तुझा हात अडखळला नाही. असू दे. मीही कमी बोलले नव्हते.

पेनड्राइव्ह मी आठवडाभर बांगड्यांच्या डब्यात ठेवला होता. काल वकीलीणबाईंचा लॅपटॉप आणि हेडफोन मागून घेतले आणि त्यांना घरी पाठवलं. दार लावून बसले.

तू म्हणतोस ते खरं आहे. माझा हात थरथरतो. एका सुरावर तर मी हेडफोन काढून पाहिला, म्हटलं हाच बिघडला असेल. मग पुन्हा लावला. बिघडला नव्हता.

पण तुझी एक चूक झाली. जे सूर वापरायचे नव्हते ते तू साफ केले नाहीस, कापले नाहीस. त्यामुळे मधलं आपलं बोलणं तसंच राहिलं. एक सूर होतो. विझतो. मग माझा आवाज येतो, "कसा आला? पुन्हा घेऊ का?" आणि तुझा आवाज येतो, "नको, छान आला." पुढचा सूर. पुन्हा मी, "हा जरा हलला का रे?" पुन्हा तू, "छे गं, छान आहे." मी शेवटपर्यंत ऐकलं. प्रत्येक वेळी मी विचारलं आहे आणि प्रत्येक वेळी तू छान म्हणाला आहेस. सूर ऐकून मला रडू आलं नाही, पण तुझ्या त्या छाननं आलं.

माझा हात दुपारी थरथरतो, भोंग्या. सकाळी नाही थरथरत. सकाळी गरम पाण्यात धरून ठेवला की तासभर तो जुना हात असतो, बाबांनी घडवलेला. तू दुपारी काम ठेवलंस कारण सकाळी खालच्या सुताराची करवत चालते. मी म्हटलं, तुला सोयीचं ते कर. तू एकदा, फक्त एकदा, "ताई, हा हलतोय" असं म्हणाला असतास तर मी म्हटलं असतं, थांब, उद्या सकाळी घेऊ. खाली जाऊन सुताराला सांगितलं असतं, दोन सकाळ मशीन बंद ठेव बाबा. तो भला माणूस आहे, त्यानं ठेवलं असतं. सूर आले असते. शेळी नको, थरथर नको, खोटं नको.

बाबा तुला वाईट बोलले, पण तुझ्या तोंडावर बोलले. तू माझ्या पाठीमागे माझ्यावर दया केलीस. दोन्हींतलं मला काय जास्त लागलं ते तुला कळत नसेल तर लिहून उपयोग नाही.

ये म्हणत नाही.

ताई

—

८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र इथे येऊन पाच दिवस पडून होतं. मी मालिकेच्या कामात गावाबाहेर होतो. आल्या आल्या वाचलं.

सकाळचं मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. माइक कुठे ठेवायचा, खिडकीवर गोधडी टांगायची का, खुर्ची करकरते का, हे सगळं विचारलं, आणि हात कधी चांगला असतो हे विचारायचं सुचलं नाही. इतकी वर्षं हेच काम करतो आणि तरी.

मी काय करणार आहे ते सांगतो. नाही म्हणू नकोस. ते वाद्य मी कालच बाजारातून काढून घेतलं. ज्यांनी आधी घेतलंय त्यांचं मी काही करू शकत नाही, पण नवीन कुणाला मिळणार नाही. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी येतोय. सुताराशी मी स्वतः बोलतो. तीन सकाळ लागोत, आठवडा लागो, तू म्हणशील तेव्हा थांबू. प्रत्येक सूर वेगळा घेऊ, एकही ओढायचा नाही, एक पायरीसुद्धा नाही. जो हलेल त्याला मी हलला म्हणेन. तुझी शपथ.

ऑपरेशनला अवकाश आहे म्हणालीस ते बरं झालं. नाहीतर मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो.

एवढं एकदा ये म्हण.

भोंगा

—

१४ एप्रिल

प्रिय भोंग्या,

ऑपरेशन दोन एप्रिललाच झालं.

अवकाश वगैरे काही नव्हता. तारीख मला फेब्रुवारीतच मिळाली होती, तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती माझ्यापुढे टेबलावर होती. पण ती सांगितली असती तर तू धावत आला असतास, आणि मला तू हातासाठी यायला नको होतास. तेव्हा तू मला छान म्हणालास आणि मी तुला अवकाश आहे म्हणाले. एका आईची लेकरं आपण, दुसऱ्याला कशाला नावं ठेवायची?

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी खाली गेले आणि सुताराला म्हटलं, थोडा वेळ मशीन बंद ठेव. त्यानं का म्हणून विचारलं नाही, बटण बंद केलं आणि जिन्यावर येऊन बसला. मी हात गरम पाण्यात धरला, पुसला, आणि वरचे सूर वाजवले. खालून टोकापर्यंत. सगळे आले असं म्हणणार नाही, पण बरेचसे आले, आणि जे आले ते हलले नाहीत. तू असतास तर तुला कळलं असतं. वकीलीणबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, मी मोबाइलवर घेऊन ठेवते. मी नको म्हटलं. रागात होते. अजूनही आहे, पण आता वाटतं, घेऊ द्यायला हवं होतं.

वाजवून झाल्यावर चेलो भिंतीला टेकवला. मग खालून सुतारानं विचारलं, "झालं का बाई? सुरू करू?" म्हटलं, कर. त्यानं करवत सुरू केली.

आता डाव्या हाताला पट्टी आहे. ती निघाली तरी मधली दोन बोटं सरळच राहणार, कुणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी. वकीलीणबाई येतात. मी नुसती ऐकते आणि सांगते, इथे हललं, तिथे हललं. त्या वाद घालतात, पण पुन्हा वाजवतात.

उजवा हात धडधाकट आहे. काल गज धरून पाहिला. मोकळ्या तारांना डावा हात लागतच नाही, हे मी बोटं गमावल्यावर शिकले म्हणायचं. चार तारा, चार सूर. लांब ओढावा तेवढा ओढता येतो, आणि चारातला एकही थरथरत नाही. बाबा पहिलं वर्षभर मला एवढंच वाजवायला लावायचे. तेव्हा त्यांचा राग यायचा.

आता तू म्हणशील, ताई, चार तरी टिपून घेऊ. नको. तुला मी ओळखते. तुझ्या यंत्राला चार सूर रग्गड झाले, त्यांतून तू अख्खा चेलो ओढून काढशील आणि वर माझा फोटो लावशील. शपथ मोडायला तुला फार वेळ लागायचा नाही. मनानं वाईट नाहीस, पण तुला रिकामी जागा बघवत नाही. त्या चारांच्या मधे जे नाही, ते आता नाहीच. ते तसंच राहू दे.

शनिवारी यायचं तर ये. माइक नको, डबडं नको, हात हलवत ये. सकाळी ये, करवत चालू असली तरी चालेल. चार सूर वाजवून दाखवीन. वाजवून झाल्यावर तोंडातून छान निघालं तर जिन्यावरून ढकलून देईन. सुतारासारखं विचार, झालं का म्हणून.

ताई